पणजोबांचं नाव ठेवायचंय, पण पणजोबा कोण होते?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरची, गेली नऊ वर्षं स्टुटगार्टला आहे. नवरा जर्मन. त्याचं घर इथून अर्ध्या तासावर, रेम्स नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांच्या एका गावात. मला आठवा महिना लागलाय आणि मुलगा आहे (इथे आधी सांगतात). सासूबाईंची फार इच्छा आहे की बाळाला त्यांच्या वडिलांचं नाव ठेवावं, कोनराड. नवऱ्यालाही ते आवडतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘कोनाडा? हे काय नाव झालं?’’ तिच्या मनात आराध्य आहे. माझी अडचण वेगळीच आहे. हे आजोबा १९२२ सालचे. १९४९ मध्ये रशियातल्या कैदेतून घरी आले, एवढंच मला माहीत आहे. त्याआधीचं घरात कुणीच बोलत नाही. या नावाला काही चांगला अर्थ, काही परंपरा आहे का? आणि ज्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही, त्याचं नाव मी माझ्या मुलाला कसं देऊ? विचारायचा धीर होत नाही.

– एक होणारी आई

•

तुझ्या आईपासून सुरुवात करते. कोनराड ऐकून तिला कोनाडा आठवला. नवं नाव ऐकलं की कान आधी ओळखीच्या वस्तूंमध्ये त्याला जागा शोधतो, आणि तिच्या कानाला सापडलेली जागा काही वाईट नाही. जुन्या घरातला कोनाडा म्हणजे भिंतीच्या पोटातली ती जागा, तिन्हीसांजेला जिथे दिवा ठेवायचे. काडेपेटी, किल्ल्या, आजीची औषधाची बाटली, घराला रोज लागणारं सगळं तिथेच असायचं. नातवाला ती लाडाने कोनाडा म्हणाली तर म्हणू दे. आणि तिला हेही सांग, की हे नाव तिला वाटतं तितकं परकं नाही. मेघालयाचे मुख्यमंत्री कॉनराड संगमा आहेत, त्यांचं नाव आपल्या वर्तमानपत्रांत नेहमी येतं. गोव्यात आणि वसईतही या नावाची माणसं भेटतील.

आता अर्थ. मी पुण्यात तीसेक वर्षं जर्मन शिकवलं, म्हणून इथे मला थोडं रमू दे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये हे नाव ‘कुओनराट’ असं होतं. त्यात दोन शब्द आहेत. ‘कुओनी’ म्हणजे धीट, शूर. ‘राट’ म्हणजे सल्ला, मसलत. नावांच्या पुस्तकांत त्यामुळे ‘धीट सल्ला देणारा’ असा अर्थ दिलेला असतो. दोन्ही शब्द आजच्या जर्मनमध्ये जिवंत आहेत. पहिल्याचं आजचं रूप ‘क्यून’. दुसरा तर तू रोज वाचतेस. स्टुटगार्टच्या चौकातलं राटहाउस म्हणजे शब्दशः सल्लामसलतीचं घर, आपल्या भाषेत नगरपालिका. तुझ्या कंपनीत ‘बेट्रीब्सराट’ असेल, कर्मचाऱ्यांच्या वतीने मालकाशी बोलणारं मंडळ, त्यातही हाच राट आहे. कुणी पेचात सापडलं आणि काय करावं ते कळेनासं झालं की जर्मन माणूस म्हणतो, मला राट दे. तू मला पत्र लिहून तेच मागितलंस.

याच्याही मागे गेलं की मला जास्त आनंद होतो. ‘क्यून’चा अर्थ आज धाडसी असा आहे, पण मुळात तो होता ‘ज्याला येतं तो’, ‘जो जाणतो तो’. जर्मनमधले ‘कोनन’ म्हणजे करता येणे आणि ‘केनन’ म्हणजे ओळखणे, हे त्याचेच नातलग, आणि हे सगळं कूळ भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘ज्ञा’ धातूशी नेऊन जोडतात. मराठीतलं ‘जाणणे’ त्याच ‘ज्ञा’चं. तेव्हा कोनराडमधला धीटपणा आंधळ्या उडीचा नाही, जाणत्या माणसाचा आहे. जाणता हा शब्द मराठी कानात किती खोल बसलाय ते तुला सांगायला नको.

आणि ‘राट’? त्याचं नातं संस्कृतमधल्या ‘राध्’ या धातूशी मानतात. राध् म्हणजे सिद्धीला नेणे, यशस्वी करणे. राधा, आराधना त्यातूनच आले, आणि तुझ्या आईने निवडलेलं आराध्यही. तुझी आई कोल्हापुरात बसून एक नाव सुचवते, सासूबाई रेम्सच्या काठी दुसरं, आणि दोन्ही नावांच्या तळाशी एकच जुना धातू निघतो. हे लिहिताना मी दोनदा कोश उघडून पाहिला. पुढच्या फोनवर आईला हे आधी सांग, बाकीचं नंतर.

पण या अर्थावर फार भार टाकू नकोस. जुन्या जर्मन लोकांत नाव हे वाक्य नसे. दोन तुकडे जोडायचे, आणि पुष्कळदा त्यातला एक वाडवडिलांच्या नावातून यायचा. जुन्या कथांमधल्या हेरिब्रांटचा मुलगा हिल्डेब्रांट आणि त्याचा मुलगा हाडुब्रांट. शेवटचा तुकडा तिन्ही पिढ्यांत तोच. म्हणजे नावाचा खरा निरोप ‘शूर हो’ असा नसायचा, ‘तू आमच्यातला आहेस’ असा असायचा. तुझ्या सासूबाई नऊशे-हजार वर्षांनंतर तेच म्हणताहेत.

परंपरा विचारलीस, तर ती तुझ्या सासरच्या अंगणातच पडली आहे. बॉयटल्सबाख हे गाव तुझ्या सासरपासून लांब नसणार. १५१४ साली व्युर्टेमबेर्गचा ड्यूक उल्रिश कर्जात बुडाला होता. पैसा उभा करायला त्याने वजनंच कमी केली. किंमत तीच, माप लहान. मांस, पीठ, वाइन, सगळ्यावर लोकांच्या खिशातून गुपचूप पैसे काढण्याची युक्ती. बॉयटल्सबाखच्या गाइसपेटर नावाच्या माणसाने ती नवी वजनं उचलली, रेम्सच्या काठावर नेली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ही तरंगली तर ड्यूक खरा, बुडाली तर आपण खरे. आणि नदीत फेकली. त्यातून जे बंड पेटलं त्याचं नाव ‘आर्मर कोनराड’, म्हणजे गरीब कोनराड. सरदार लोक फाटक्या शेतकऱ्याला हिणवायला हे नाव वापरत. शेतकऱ्यांनी तेच उचललं आणि आपल्या झेंड्यावर घेतलं. बंड मोडलं गेलं, म्होरक्यांची डोकी उडवली गेली. पण पाचशे वर्षांनंतरही त्या खोऱ्यात लहान मुलांना वजनांची ती गोष्ट सांगतात. तुझ्या नवऱ्यानेही ती शाळेत ऐकलेली असेल. त्याला विचार.

शेतकऱ्याला कोनराडच का म्हणत? कारण तेव्हा गल्लोगल्ली कोनराड होते. जर्मनमध्ये आजही ‘हिन्त्स उंड कुन्त्स’ असा वाक्प्रचार आहे. हिन्त्स हे हाइनरिशचं लाडकं रूप आणि कुन्त्स कोनराडचं. अर्थ अगदी आपल्या सोम्यागोम्यासारखा: कुणीही येरागबाळा. आणि इतकी ती नावं पसरण्याचं कारण असं, की ती आधी राजांची होती. कोनराड नावाचे चार राजे जर्मनांच्या गादीवर बसले. पहिला ९११ साली निवडून आला. दुसऱ्याने श्पायरच्या प्रचंड कॅथेड्रलचं बांधकाम सुरू केलं; र्‍हाइनकाठी गेलात तर ते बघाच.

मला तिसरा आवडतो. ११४० साली त्याने हाइलब्रोनजवळच्या वाइन्सबेर्गच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला पडणार हे उघड होतं. राजाने आतल्या बायकांना मोकळीक दिली: खांद्यावर जेवढं पेलेल तेवढं घ्या आणि निघा. बायका दरवाजातून बाहेर आल्या त्या आपापल्या नवऱ्याला पाठुंगळी घेऊन. राजाच्या बाजूचा एक ड्यूक चिडला, ही फसवणूक आहे म्हणाला. कोनराडने उत्तर दिलं की राजाचा शब्द फिरवायचा नसतो. कलोनच्या जुन्या बखरीत ही हकीकत आहे. त्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींना आजही ‘वाइबरट्रॉय’, बायकांची निष्ठा, असं म्हणतात. स्टुटगार्टहून तासाभराचा रस्ता आहे. आठव्या महिन्यात टेकडी चढू नकोस, पण पुढच्या वर्षी बाळाला पाठीवर घेऊन जा.

सासर कॅथलिक असेल तर संतही हवेत. दोन सांगते. कोन्स्टान्त्सचे बिशप कोनराड दहाव्या शतकातले. प्रार्थनेच्या वेळी प्याल्यात कोळी पडला तरी आतली वाइन पवित्र मानून त्यांनी प्याला रिकामा केला अशी कथा आहे, म्हणून चित्रांत त्यांच्या हाती कोळी असलेला प्याला असतो. त्यांचा दिवस २६ नोव्हेंबर. दुसरे पार्त्सहामचे कोनराड मला अधिक जवळचे वाटतात. बव्हेरियातल्या आल्ट्योटिंगच्या मठात त्यांनी ४१ वर्षं एकच काम केलं: दार उघडायचं आणि दारात आलेल्याला खायला द्यायचं. १९३४ साली त्यांना संतपद दिलं गेलं. राजा, बंडखोर शेतकरी, बिशप, दारवान; एकाच नावाखाली इतकी वेगवेगळी माणसं नांदली, हे मला फार आश्वासक वाटतं. कोणत्याही एका साच्यात तुझ्या मुलाला बसायची सक्ती नाही.

जवळच्या काळातलेही सांगते, भरभर. कोनराड डूडन शाळेचे मुख्याध्यापक होते. १८८० साली त्यांनी जर्मन शुद्धलेखनाचा कोश काढला, आणि आज जर्मन माणूस ‘डूडनमध्ये बघ’ असं म्हणतो, आपण मोल्सवर्थमध्ये बघ म्हणतो तसं. कोनराड त्सूझने बर्लिनमध्ये १९४१ साली प्रोग्रॅमवर चालणारा संगणक चालवून दाखवला. क्ष-किरण शोधणाऱ्या व्हिल्हेल्म कोनराड रोंटगेनचं मधलं नाव तेच. आणि कोनराड आडेनाउअर, कलोनचा महापौर, १९३३ साली नाझींनी ज्याला पदावरून काढलं आणि जो १९४९ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी पश्चिम जर्मनीचा पहिला चान्सेलर झाला. १९५५ मध्ये तो मॉस्कोला गेला तो रशियात उरलेले शेवटचे दहाएक हजार युद्धकैदी सोडवायला. तुझ्या सासूबाईंचे वडील त्याच्या सहा वर्षं आधी आले, पण त्या पिढीच्या घरांत ही गोष्ट काय होती, ते त्या सांगू शकतील.

मुलं चिडवतील का? दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका प्रसिद्ध जर्मन बालपुस्तकात अंगठा चोखणारा एक कोनराड आहे, शिंपी येऊन कात्रीने त्याचे अंगठे कापतो. कुणी वयस्कर शेजारी ते म्हणून दाखवेल. तेवढंच. उलट गेल्या वीसेक वर्षांत एमिल, ओटो, आंटोन, कार्ल अशी पणजोबांच्या काळातली नावं जर्मनीत परत आली आहेत, त्यांच्यासोबत कोनराडही. वर्गात तो एकटा म्हातारा नसेल.

नाव नाझी काळाने विटाळलंय का, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्राच्या खाली तोच प्रश्न आहे असं मला वाटतं. नाव म्हणून, नाही. आडोल्फ हे नाव १९४५ नंतर जवळजवळ नाहीसं झालं, कोनराड नाही झालं. या नावाची वाईट माणसंही त्या काळात होती. सुडेटन जर्मनांचा, म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मनांचा, नाझी पुढारी कोनराड हेनलाइन होता. नोबेल मिळवलेले प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्त्स १९३८ साली पक्षाचे सभासद झाले होते. पण नाव हजार वर्षांचं आहे आणि ती बारा वर्षं त्यातली बारा आहेत. खरा प्रश्न त्या एका कोनराडचा, ज्याचा फोटो तुझ्या सासूबाईंच्या दिवाणखान्यात असेल.

इथे माझी एक जुनी गोष्ट. १९८४ साली मी ट्युबिंगेनला वर्षभर शिकायला होते. घरमालकीण सत्तरीच्या पुढची, एकटी. तिच्या पियानोवर गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो होता. ती रोज सकाळी तो पुसून ठेवायची. मी एकदाही विचारलं नाही. परक्या घरात, परक्या देशात, असं काही विचारू नये, असं आपल्याला शिकवलेलं असतं. निघायच्या दिवशी ती मला म्हणाली, ‘‘इथे राहिलेल्यांपैकी हा कोण असं न विचारणारी तू एकटीच.’’ किती तरी वर्षं मी ते माझ्या सभ्यपणाचं कौतुक समजत होते. मग एकदा, माझी स्वतःची आई गेल्यावर, लक्षात आलं की ती तक्रार होती.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. विचार. आणि नाव नक्की होण्याआधी विचार.

आपल्याकडेही नाव आणि मौन एकत्र नांदलंय. तुझ्या पणजीच्या काळात सून सासऱ्याचं नाव घेत नसे. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की तिची पंचाईत, म्हणून तो घरात अण्णा, बापू, नाना व्हायचा. नाव पत्रिकेत असायचं, तोंडात नसायचं. पण तिथे गप्प राहण्याचं कारण मान होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्या सासरी गप्प राहण्याचं कारण काय आहे, ते तुला ठाऊक नाही. ते ठाऊक नसताना रोज शंभर वेळा ते नाव हाकेत घ्यायचं, हे तुला जड जातंय. मला ते अगदी पटतं.

विचारणं म्हणजे चौकशी नव्हे. ‘‘तुमच्या वडिलांनी युद्धात काय केलं?’’ हा प्रश्न पहिल्या झटक्यात टाकू नकोस. रविवारी चारला, कॉफी आणि केकच्या वेळी, जुना आल्बम काढायला सांग आणि म्हण, ‘‘एअर्त्सेल मिअर फोन डाइनेम फाटर.’’ मला तुझ्या वडिलांबद्दल सांग. जर्मनमध्ये हे वाक्य फार मऊ आहे. नवऱ्याला सोबत घे, पण विचार तूच. घरातल्या माणसांनी एकमेकांशी ज्या गोष्टी कधी बोलल्या नाहीत, त्या बाहेरून आलेल्या सुनेशी बोलणं पुष्कळदा सोपं जातं. तुझ्या पोटात त्यांचा पणतू आहे. विचारायचा हक्क तुझ्याइतका कुणालाच नाही.

काय निघेल? १९२२ साली जन्मलेला मुलगा हिटलर सत्तेवर आला तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. सैन्यभरती सक्तीची होती. अठरा-एकोणीसचा झाला की त्याला उचलून आघाडीवर पाठवायचे. त्यामुळे नुसता गणवेश पाहून काही ठरवू नकोस. त्याने तिथे काय पाहिलं, काय केलं, हे मात्र वेगळं. सासूबाईंना ते माहीत नसण्याचीही खूप शक्यता आहे. कैदेतून आलेल्या पुरुषांनी आपल्या मुलींना काही सांगितलं नाही, मुलींनीही विचारलं नाही, आणि चाळीस-पन्नास वर्षं एकाच टेबलावर जेवण झालं. तसं असेल तर त्या तुला जे सांगू शकतील ते तरी ऐक: द्राक्षमळ्यात ते कसे वाकून काम करायचे, काय गुणगुणायचे, भाकरीचा तुकडा कधी टाकायचे नाहीत का. तुझ्या मुलाला पुढे हेच लागणार आहे.

कागदही आहेत. सैनिकांच्या नोंदी सांभाळणारं बर्लिनमधलं जुनं कार्यालय २०१९ पासून केंद्रीय अभिलेखागाराचा, बुंडेसआर्शिव्हचा भाग आहे. नाझी पक्षाच्या सभासदांची कार्डंही त्याच संस्थेकडे आहेत. माणसाला जन्मून शंभर वर्षं झाली असली की सहसा अडकाठी येत नाही, आणि १९२२ ला आता ती झाली. नवऱ्याने अर्ज करावा, तो त्यांचा सख्खा नातू आहे. मात्र उत्तर यायला महिने लागतात आणि बाळ काही थांबणार नाही. तेव्हा अर्ज जाऊ दे, पण नावाचा निर्णय त्या लिफाफ्यावर टांगून ठेवू नकोस.

आणि जर काही फार वाईट बाहेर आलं? मग मी तुझ्या जागी असते तर त्यांच्या नावाने मुलाचं नाव ठेवलं नसतं, आणि सासूबाईंना ते प्रेमाने, पण स्पष्ट सांगितलं असतं. नवऱ्याच्या घरात अजून एखादं नाव असेलच. जर फक्त एक थकलेला, गप्प झालेला तरुण बाहेर आला, सत्तावीस वर्षांचा, घरी पायी परत येणारा, तर मी ते नाव आनंदाने ठेवलं असतं. माझा अंदाज या दुसऱ्या शक्यतेचाच आहे. पण अंदाजावर नाव ठेवू नये.

आता व्यवहाराचं. जन्माची नोंद श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात, आठवड्याच्या आत करावी लागते. नाव तेव्हा नक्की नसेल तर ते महिन्याभरात कळवता येतं. दवाखान्यातच फॉर्म पुढे येतो, दोन दिवसांच्या बाळंतिणीने तो घाईने भरू नये. आणि कोनराड की आराध्य, असं भांडणही करायचं कारण नाही. दोन्ही ठेवा. तिकडे कागदावरची सगळी नावं समान दर्जाची असतात, कोणतं हाकेचं हे घर ठरवतं. पुढे क्रम बदलावासा वाटला तर २०१८ पासून साध्या अर्जाने तो बदलता येतो.

कुणी म्हणेल की आराध्य ‘आ’वर संपल्यासारखं ऐकू येतं, मुलीचं वाटतं. तर किरणची गोष्ट सांग. भारतीय नाव म्हणून किरण हे मुलीचं एकमेव नाव ठेवायला नोंदणी कार्यालयाने नकार दिला होता, कारण त्यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही. प्रकरण थेट जर्मनीच्या घटना न्यायालयात गेलं आणि ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कोणताही नियम नाही. आपल्याकडे गल्लीगल्लीत असलेल्या किरणने परदेशी आईबापांची वाट किती मोकळी केली, याचा मला अभिमान वाटतो. अधिकाऱ्याने असं नाव असतंच का म्हणून पुरावा मागितला, तर लाइपत्सिश विद्यापीठाची नाव-सल्ला कचेरी तसं प्रमाणपत्र देते. तिथेही राट आलाच.

उच्चाराबद्दल आईला आधीच तयार करून ठेव. लिहितात ‘ड’, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी तो कडक होतो, म्हणून घरात ऐकू येईल कोनराट. इंग्रजीच्या वळणाने कॉनरॅड करू नका, ते तिसऱ्याच माणसाचं नाव वाटतं. मराठीत ‘कोनराड’ लिहा. आजीने ‘ड’ म्हणावा, बापाने ‘ट’, मुलाला दोन्हींना ओ द्यायची सवय होईल.

बारसं कराल तेव्हा एक गंमतीची अडचण येईल. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे तुझी जर्मन नणंद. तिला आत्तापासून ‘कुर्रर्र’ शिकवायला घे. जिभेच्या टोकावरचा र तिला जमणार नाही, घशातला येईल. येऊ दे. तिने कोनराड सांगितलं की फोन पाळण्याच्या कडेला धर आणि तुझ्या आईला तिकडून आराध्य म्हणू दे.